पन्नास टोकनं आणि एक प्रोसेसर

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत पंपाचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका युनिटसाठी पन्नास यूएसबी टोकनं करायची होती. अंगठ्याएवढा आकार, एक बटण, एक एलईडी. कामं दोनच: कंट्रोलरच्या फर्मवेअरवर (चिपच्या आतल्या प्रोग्रामवर) एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही करणं आणि सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणं. खाजगी किल्ली (सही करायला लागणारा गुप्त आकडा) टोकनातच जन्मावी आणि तिथेच राहावी, ही मुख्य अट. पेटी, कनेक्टर, बटण हे आठवड्याभराचं काम होतं. प्रोसेसर ठरवण्यात मात्र अख्खा उन्हाळा गेला. कोणत्या क्रमाने काय तपासलं, काय बाद झालं आणि का, ते इथे मांडतो आहोत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. नागपुरात टोकन म्हटलं की लोकांना सीएच्या ड्रॉवरमधलं डीएससीचं (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचं) टोकन आठवतं. जीएसटी, कंपनी खात्याचे फॉर्म, ई-टेंडर सगळं त्यावर चालतं. त्या टोकनाला फिप्स १४० या अमेरिकी सरकारी मानकाचं लेव्हल २ प्रमाणन लागतं. कायद्याने मान्य असलेल्या डिजिटल सहीसाठी घरी बनवलेलं टोकन कितीही चांगलं असलं तरी चालत नाही. आमचं टोकन कारखान्याच्या आतल्या कामापुरतं आहे.

चोर कोण, हे आधी

डेटाशीट उघडण्याआधी एका कागदावर चोरांची यादी केली. पहिला चोर संगणकात बसलेला: व्हायरस. त्याच्यासाठी बटण आहे. बोट लागल्याशिवाय सही नाही. दुसरा टोकन उचलून नेणारा. त्याच्याकडे टेबल आहे, सोल्डरिंग स्टेशन आहे, ऑसिलोस्कोप आहे आणि चार-सहा आठवडे आहेत. तिसरा प्रयोगशाळेतला: चिपचं आवरण आम्लाने उतरवणारा, लेसर आणि आयन-बीम वापरणारा. तिसऱ्याला आम्ही लेखी सोडून दिलं. पन्नास टोकनांच्या मागे कोणी एवढा खर्च करणार नाही, आणि करणारच असेल तर पाच-सात डॉलरची चिप त्याला रोखणार नाही.

चौथा उशिरा सुचला: बोर्ड जोडणारा, म्हणजे टोकन ग्राहकाच्या हाती पडायच्या आधीच त्यात वेगळं फर्मवेअर घालणारा. या चौथ्यामुळे सुरक्षित बूट (चालू होताना आपली सही असलेलाच प्रोग्राम चालू देणं) ही चैन न राहता गरज झाली, आणि निम्म्या चिप तिथेच गळाल्या.

गती: पहिल्याच दिवशी निकालात निघाली

प्रोसेसर म्हटला की सगळे मेगाहर्ट्झ विचारतात. एक साधा हिशोब करून बघा. कर्व्ह२५५१९ (एड२५५१९च्या मागचं गणित) वरचा एक मोठा गुणाकार एआरएमच्या कॉर्टेक्स-एम० या छोट्या कोअरवर (प्रोसेसरच्या गाभ्यावर), असेंब्लीत घासूनपुसून लिहिलेल्या कोडने, सुमारे ३६ लाख चक्रं (घड्याळाचे ठोके) घेतो. ४८ मेगाहर्ट्झला हे ७५ मिलिसेकंद झाले. कॉर्टेक्स-एम४वर तोच गुणाकार सव्वासहा लाख चक्रांत होतो. ६४ मेगाहर्ट्झला दहा मिलिसेकंदही लागत नाहीत. माणूस बटण दाबून बोट उचलतो तोवर अर्धा सेकंद जातो. म्हणजे सर्वांत गरीब कोअरसुद्धा पुरतो.

हिशोब दोन ठिकाणी बिघडतो. आरएसए-२०४८ या जुन्या पद्धतीची किल्ली टोकनातच तयार करायची असेल तर मोठ्या अविभाज्य संख्या शोधाव्या लागतात, आणि छोट्या प्रोसेसरवर त्याला किती वेळ लागेल ते नशिबावर असतं. म्हणून आरएसए नको, असं ग्राहकाकडून लिहून घेतलं. दुसरं ठिकाण क्वांटमनंतरच्या, म्हणजे क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत अशा सह्यांचं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिप्स २०४ म्हणून एमएल-डीएसए ही तशी पद्धत जाहीर झाली. तिच्या मधल्या पातळीची सही ३३०९ बाइटांची आहे, एड२५५१९ची अवघी ६४. तिथे गतीपेक्षा रॅम कमी पडते: नेहमीची अंमलबजावणी सही करताना पन्नास किलोबाइट किंवा जास्तच स्टॅक (रॅममधली कच्च्या कामाची जागा) मागते. आज ही सही लागणार नव्हती, पण टोकन पाच वर्षं चालावं ही अपेक्षा होती. म्हणून १२८ किलोबाइटपेक्षा कमी रॅमच्या चिप खोडल्या. एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३ (२० किलोबाइट) आणि एसटीएम३२एल४३२ (६४ किलोबाइट) इथेच गेल्या. दुसरीचं वाईट वाटलं. पाच बाय पाच मिलिमीटरची, क्रिस्टलशिवाय यूएसबी चालवणारी फार सोयीची चिप आहे.

गुणाकाराला किती वेळ लागतो

एफ१०३ रॅमवर गेली नसती तर इथे गेली असती. तिचा कोअर कॉर्टेक्स-एम३. त्यावर ३२ बिटांचे दोन आकडे गुणून ६४ बिटांचं उत्तर देणारी यूएमयूएलएल ही सूचना ३ ते ५ चक्रं घेते, आणि किती ते आकड्यांवर ठरतं: वरचे बिट शून्य असले की ती लवकर आटोपते. गुप्त किल्लीशी गुणाकार चालू असेल तर वेळेचा हा फरक म्हणजे किल्लीचे तुकडे दाराबाहेर टाकणंच. कॉर्टेक्स-एम४वर हीच सूचना कायम एका चक्रात होते, आणि वर यूएमएएएल ही गुणून दोनदा बेरीज करणारी सूचना मिळते. मघाचा ३६ लाख आणि सव्वासहा लाखांमधला फरक बराचसा या सूचनांमुळे आहे. एम०मध्ये लांब गुणाकार मुळातच नाही. साधा गुणाकार एका चक्रात होणार की ३२ चक्रांत, हे चिप बनवणारा ठरवतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ते सापडत नाही.

भागाकार तर एम४वरही फसवा आहे: २ ते १२ चक्रं, आकड्यांनुसार. म्हणून गुप्त आकड्यांवर भागाकार करायचाच नाही. कायबर या क्वांटमनंतरच्या किल्ली-पद्धतीच्या काही अंमलबजावण्या नेमक्या याच चुकीमुळे पकडल्या गेल्या.

रिस्क-व्ही या खुल्या सूचनासंचाच्या कोअरमध्ये वेगळी गोम आहे. तिथे कॅरी फ्लॅग (हातचा लक्षात ठेवणारा बिट) नाही, त्यामुळे मोठ्या आकड्यांच्या बेरजेत प्रत्येक टप्प्यावर तुलना करून हातचा काढावा लागतो. आणि मूळ संचात 'अट खरी असेल तर हलव' अशी सूचना नाही. सी भाषेत तुम्ही काळजीपूर्वक मास्क लावून, शाखा (अटीनुसार फुटणारी वाट) न घालता लिहिलेला कोड कंपायलर हुशारी करून पुन्हा शाखेत बदलू शकतो. यावर एकच उपाय आहे: प्रत्येक बिल्डनंतर डिसअसेंब्ली (तयार झालेल्या सूचनांची यादी) काढायची आणि सही करणाऱ्या फंक्शनमधल्या शाखा डोळ्यांनी मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे. पण कंपायलरची आवृत्ती किंवा ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की ते पुन्हा करावंच लागतं.

मोजणीची पद्धत अशी. एम३, एम४, एम३३ या कोअरमध्ये डीडब्ल्यूटीचा चक्रमोजक असतो, रिस्क-व्हीमध्ये एमसायकल रजिस्टर. एम०मध्ये चक्रमोजक नाही, तिथे सिसटिक या २४ बिटांच्या टायमरवर भागवावं लागतं. दोन गट करायचे: एकात ठरलेलं इनपुट, दुसऱ्यात यादृच्छिक. दोन्ही गटांच्या मोजण्या सरमिसळ करून घ्यायच्या, आधी सगळ्या एका गटाच्या आणि मग दुसऱ्याच्या असं नाही. तसं केलं की तापमानाचा फरक निकालात घुसतो. प्रत्येकी लाखभर मोजण्या घेऊन वेल्चची टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीत खरा फरक आहे का ते सांगणारी) लावायची. टीचं मूल्य ४.५च्या वर गेलं की गळती आहे असं समजायचं. चाचणीत यूएसबीचे इंटरप्ट बंद ठेवायला विसरलात तर आकडे नुसते नाचतात आणि खरी गळती त्या गोंधळात बुडते. 'गळती नाही' असा निकाल आला की आधी इंटरप्ट बघा, मग खुश व्हा.

कुलपाचा इतिहास

इथून पुढे कोअर मागे पडला. गेल्या काही वर्षांत छोट्या चिपची जी कुलपं जाहीरपणे तुटली, त्यांची वही केली, आणि एकही प्रकरण कोअरच्या सूचनासंचात चूक सापडल्याचं निघालं नाही.

एसटीएम३२एफ१चं वाचनबंदीचं कुलूप २०२०मध्ये तुटलं, तेही विजेचा कसलाही झटका न देता, साध्या डीबगरने (चिपच्या आत डोकावण्याच्या साधनाने). फ्लॅश डेटा म्हणून वाचता येत नव्हती, पण एक्सेप्शन (कामात आलेला अडथळा) आला की पुढे कुठे जायचं तो पत्ता प्रोसेसर व्हेक्टर तक्त्यातून स्वतः उचलतो. तक्ता सरकवत, एक्सेप्शन घडवत फ्लॅशचा बहुतेक भाग प्रोग्राम काउंटरमधून बाहेर काढता आला. त्याच वर्षी नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२८४०चं कुलूपही तुटलं. बूट होताना चिप 'डीबग बंद ठेवायचं का' हे वाचते, आणि त्या क्षणी कोअरच्या पुरवठ्याला झटका दिला की दार उघडं राहतं. पुढच्या सिलिकॉनमध्ये हे दुरुस्त झालं, पण दुकानात जुनी चिप मिळते की नवी, हे छाप वाचल्याशिवाय कळत नाही. एसटीएम३२एफ२०५ असलेल्या क्रिप्टो वॉलेटमधून बीज (ज्यातून सगळ्या किल्ल्या निघतात ते गुपित) काढून दाखवलं गेलं, तेही पुरवठ्याच्या झटक्यानेच.

प्रमाणित सुरक्षा-चिपही सुटल्या नाहीत. इन्फिनियनच्या लायब्ररीतल्या आरएसए किल्ल्या बनवण्याच्या पद्धतीत २०१७मध्ये दोष निघाला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये त्याच कंपनीच्या ईसीडीएसए या सही-पद्धतीतल्या मॉड्युलर व्यस्त या पायरीचा वेळ आकड्यांनुसार बदलतो असं दिसलं. दुसऱ्यासाठी टोकन उघडून चिप प्रोबखाली धरावी लागते, हे खरं. पण प्रमाणपत्र असूनही दोष अनेक वर्षं आतच होता.

यातून प्रत्येक चिपला विचारायचे प्रश्न ठरले. डीबग पोर्ट कायमचा बंद होतो का, आणि 'बंद आहे' ही नोंद एका बिटात आहे की अनेक बिटांच्या मतदानावर? बूट रॉमचा (चिप चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या पक्क्या प्रोग्रामचा) कोड वाचायला मिळतो का? किल्ली बसेल अशी साठवण चिपच्या आत आहे का? कोअरचा पुरवठा बाहेरच्या पिनेवर येतो का? आणि ही चिप कोणी पैसे लावून फोडायचा प्रयत्न केला आहे का?

देशी कोअर

हा पर्याय मनापासून हवा होता. सी-डॅकचा थेजस३२ शंभर मेगाहर्ट्झचा, २५६ किलोबाइट एसरॅमचा रिस्क-व्ही आहे, आणि एरीज बोर्डवर शिकायला फार सोपा. पण चिपमध्ये कायमची साठवण नाही. प्रोग्राम बाहेरच्या एसपीआय फ्लॅशमधून उचलला जातो. आमच्या चौथ्या चोराला यापेक्षा जास्त काय हवं? आयआयटी मद्रासचा शक्ती ब्लूस्पेक या हार्डवेअर-भाषेत लिहिलेला, मुक्त परवान्याचा कोअर. तो आत काय करतो ते वाचता येतं, पण सॉफ्ट कोअर म्हणून चालवायला आर्टिक्स-७ सारखी मोठी एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) लागते. अंगठ्याएवढ्या टोकनात ती बसवणं म्हणजे वांग्याच्या भरीतासाठी चुलाण पेटवणं. नागपुरात कोणी शिकण्यासाठी टोकन करत असेल तर त्याने थेजसवरच करावं. गुपितं मात्र त्यात ठेवू नयेत.

एफपीजीएची वाट

पारदर्शकतेचा मोह सुटेना, म्हणून लॅटिसच्या आइस४०यूपी५केवर पिकोआरव्ही३२ हा छोटा रिस्क-व्ही कोअर बसवून बघितला. स्वीडनच्या टिलिटिसचं टीकी हे टोकन याच जोडीवर चालतं, म्हणजे वाट तुडवलेली आहे. यूपी५केमध्ये ५२८० लट (एलयूटी, म्हणजे सर्किट घडवण्याचे छोटे घटक), १२० किलोबिट ब्लॉक रॅम, १२८ किलोबाइट एसपीरॅम आणि १६ बिटांचे आठ गुणाकार ठोकळे आहेत. योसिस, नेक्स्टपीएनआर, आइसस्टॉर्म ही साधनं मुक्त. लॅपटॉपवर मिनिटभरात बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायचा सर्किटचा नकाशा) तयार होते.

अडचणी ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने सांगतो. एसपीरॅममध्ये बिटस्ट्रीममधून सुरुवातीचा मजकूर भरता येत नाही. म्हणजे बूट कोड ब्लॉक रॅममध्येच मावला पाहिजे, आणि ती सगळी मिळून १५ किलोबाइट. दुसरी अडचण गुणाकाराची. पिकोआरव्ही३२चा साधा गुणाकार ४० चक्रं घेतो, वरचे ३२ बिट हवे असतील तर ७२. एड२५५१९मध्ये तर दोन्ही भाग सतत लागतात. ठोकळ्यांवर चालणारा जलद गुणक निवडायचा, पण ३२ बिटांच्या एका गुणाकाराला आठांतले चार ठोकळे जातात. तिसरी अडचण घड्याळाची. ही एफपीजीए मंद आहे. १८ ते २४ मेगाहर्ट्झच्या पुढे टाइमिंगचा अहवाल लाल व्हायला लागतो. या कोअरला सरासरी एका सूचनेला चार चक्रं लागतात, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस ते साठ लाख सूचना. गतीला सुरुवातीलाच निरोप दिला होता, ती इथे मागल्या दाराने परत आली.

खरं घोडं पेंड खाल्लं ते यूएसबीपाशी. लटमध्ये यूएसबी बसवली तर बाकीच्यासाठी जागा फार कमी उरते, म्हणून यूएसबीच्या पुलासाठी वेगळी छोटी चिप घ्यावी लागते (टीकीत सीएच५५२ आहे). आणि बिटस्ट्रीम बाहेरच्या फ्लॅशमध्ये ठेवली तर गुपित उघड्यावर. चिपच्या आतली एनव्हीसीएम मेमरी एकदाच लिहिता येते. लिहिताना वीज गेली तर ती चिप वाया.

वाट सोडली, पण टीकीची एक कल्पना उचलली. त्यात किल्ली साठवलेलीच नसते. चिपमधलं एक गुपित, लोड झालेल्या प्रोग्रामचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आणि वापरणाऱ्याने दिलेलं गुपित या तिन्हींवर ब्लेक२एस हे हॅश-सूत्र चालवून दरवेळी किल्ली नव्याने काढली जाते. प्रोग्राम बदलला की किल्लीही बदलते. चौथ्या चोराचा बंदोबस्त यात आपोआप होतो.

आरपी२३५०: फुटलेली चिप का निवडली

शेवटी रास्पबेरी पायची आरपी२३५० घेतली. ऑगस्ट २०२४मध्ये आलेली ही चिप: दोन कॉर्टेक्स-एम३३ किंवा दोन हॅझार्ड३ रिस्क-व्ही कोअर, १५० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, ८ किलोबाइट एकदाच लिहिता येणारी ओटीपी, शा-२५६ या हॅशचा ठोकळा, यादृच्छिक आकड्यांचा स्रोत, ग्लिच (पुरवठ्याला दिलेला झटका) ओळखणारे डिटेक्टर. बूट रॉमचा कोड जाहीर आहे.

'पण ती तर फोडली ना?' हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. हो, फोडली. कंपनीने स्वतःच ओटीपीत गुपित ठेवून वीस हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आणि जानेवारी २०२५मध्ये चार वेगवेगळे यशस्वी मार्ग जाहीर झाले. एकात ओटीपीच्या पुरवठ्याच्या पिनेला झटका देऊन बंद केलेले रिस्क-व्ही कोअर डीबगसह जागे करण्यात आले. एकात बूट रॉमला यूएसबीवरून चकवलं, एकात लेसर लागला आणि एकात आयन-बीमखाली ओटीपीचे बिट चक्क वाचले गेले. त्यानंतर आलेल्या ए४ आवृत्तीत यातली बहुतेक भोकं बुजवली आहेत. आयन-बीमचा मार्ग उरतो, पण तो आमच्या सोडून दिलेल्या तिसऱ्या चोराचा. ज्या चिपवर कोणी पैसे लावले नाहीत, तिची भोकं अजून मोजायची आहेत, एवढाच आमच्या दृष्टीने फरक.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ही चिप फ्लॅश बाहेर जोडते. प्रोग्राम फ्लॅशमधूनच चालवला तर तपासणीच्या वेळी खरा प्रोग्राम दाखवायचा आणि चालवताना दुसरा पुढे करायचा, हा खेळ खेळता येतो. म्हणून पूर्ण प्रोग्राम आधी रॅममध्ये उतरवायचा, तिथे त्याची सही तपासायची आणि तिथूनच चालवायचा. ५२० किलोबाइट रॅम यासाठीच कामाला येते. शिवाय १६ किलोबाइटच्या फ्लॅश कॅशमुळे होणारा वेळेचा चढउतारही संपतो.

दुसरी गोष्ट पिनच्या, म्हणजे टोकन उघडण्याच्या गुप्त आकड्याच्या, प्रयत्नांच्या मोजणीची. चुकीच्या प्रयत्नांचा आकडा बाहेरच्या फ्लॅशमध्ये ठेवला तर चोर जुनी फ्लॅश परत लिहितो आणि आकडा शून्यावर येतो. यासाठी मायक्रोचिपची एटीईसीसी६०८बी ही सुरक्षा-चिप शेजारी बसवली. ती एड२५५१९ करत नाही, फक्त पी-२५६ ही दुसरी पद्धत जाणते. आम्हाला तिच्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या: गुपिताचा अर्धा हिस्सा आणि फक्त वर चढणारा काउंटर. पिन तपासण्याच्या *आधी* काउंटर वाढवायचा. नंतर वाढवला तर चूक कळताच चोर वीज तोडतो आणि प्रयत्न मोजलाच जात नाही. शेवटच्या यशाच्या वेळचा आकडा मॅकसह (गुप्त किल्लीने काढलेल्या, बदल पकडणाऱ्या खुणेसह) फ्लॅशमध्ये ठेवला. जुनी प्रत परत लिहिली तर फरक वाढतो आणि चोर उलट लवकर अडकतो. दोन चिपांमधली आय-स्क्वेअर-सी तार कोणीही ऐकू आणि बदलू शकतो, त्यामुळे काउंटरची किंमत जेनडिग कमांडमध्ये गुंफून तिच्यावर मॅक घ्यावा लागतो. नुसतं वाचलेलं उत्तर खरं मानू नये.

या चिपने नवख्याला हमखास फसवणारी एक गोष्ट: कॉन्फिगरेशनचा भाग कुलूपबंद करेपर्यंत तिची यादृच्छिक आकड्यांची कमांड दरवेळी तेच ते ठरलेलं उत्तर देते, एफएफएफएफ०००० असं ओळीने. चिप खराब नसते. आणि ते कुलूप एकदा लागलं की चुकीची सेटिंगही कायमची. पहिल्या पाच चिपा हात बसवण्यासाठी आहेत असंच धरून चालावं.

ऊन

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं टोकन त्याहून कितीतरी तापतं. शून्य ते सत्तर अंशांचे सुटे भाग इथे घेऊच नयेत. उणे ४० ते ८५चे घ्यावेत. ईसीडीएसएसारख्या सह्यांत यादृच्छिक आकडा बिघडला की किल्लीच हाती लागते; एड२५५१९ त्यातून वाचतं, पण किल्ली जन्मताना त्यालाही चांगला आकडा लागतोच. आरपी२३५०चा स्रोत रिंग ऑसिलेटरवर चालतो आणि त्याचा वेग तापमानाने बदलतो. त्याच्या डीबग रजिस्टरमधून फॉन नॉयमन संतुलन (० आणि १ सारखे येतील असं करणारी पायरी) आणि बाकीच्या चाचण्या वगळता येतात. तपासणीसाठी त्या वगळून कच्चे बिटच घ्यायचे, संतुलित बिट घेतले तर सगळं नेहमी सुंदरच दिसतं. सलग दहा लाख नमुने, आणि एक हजार वेळा चालू-बंद करून प्रत्येकी हजार नमुने. हे पहाटे पंचवीस अंशांत एकदा आणि दुपारी कूलर बंद करून एकदा. नमुन्यांमधलं अंतर फार कमी ठेवलं तर ऑटोकोरिलेशनची (आधीच्या बिटांवरून पुढचे ओळखता येतात का याची) चाचणी वारंवार नापास होते आणि लागोपाठ चार वेळा झाली की स्रोत रिसेटपर्यंत गप्प बसतो. फर्मवेअरने तेव्हा सही नाकारली पाहिजे, जुनाच आकडा पुन्हा वापरता कामा नये. चालू वापरात पुनरावृत्तीची चाचणी ठेवली: बिटामागे अर्धा बिट अनिश्चितता धरली तर सलग ४१ सारखे बिट आले की थांबायचं.

कोरड्या हवेचा दुसरा त्रास स्थिर विजेचा. यूएसबीच्या तारांवर यूएसबीएलसी६-२ हा संरक्षक भाग बसवलाच पाहिजे, आणि तो कनेक्टरला चिकटून, प्रोसेसरजवळ नाही.

खरेदी आणि जोडणी

नागपुरात बर्डीच्या दुकानांत प्रयोगापुरते बोर्ड मिळतात, पण सुरक्षेच्या कामाची चिप तिथून घेऊ नये. एफ१०३च्या ब्लू पिल बोर्डांचा धडा पुरेसा आहे: छाप एसटीचा आणि आत दुसऱ्याच कंपनीची नक्कल. डीबगर जोडल्यावर ओळखक्रमांक १बीए०१४७७ऐवजी २बीए०१४७७ आला की समजावं. नकलेचं वाचनबंदीचं कुलूप मूळ चिपसारखंच वागेल याची हमी कोण देणार? आरपी२३५० अधिकृत वितरकाकडून मागवली तरी छापाच्या शेवटी ए४ आहे का ते भिंगाखाली बघितलं. ए२ या आधीच्या आवृत्तीचा जुना साठाही बाजारात फिरत होता.

जोडणीत दोन ठिकाणी बोर्ड वाया जातात. कोअरच्या १.१ व्होल्टसाठी ३.३ मायक्रोहेन्रीची कॉइल लागते आणि या चिपला कॉइलची *दिशाही* लागते. ठिपका उलटा पडला की रेग्युलेटर भार आल्यावर डगमगतो. साध्या चाचणीत सगळं ठीक दिसतं आणि सही करताना टोकन रिसेट होतं. ग्लिच डिटेक्टर चालू असेल तर हा दोष हल्ल्यासारखा दिसतो आणि दोन दिवस भलतीकडेच शोध चालतो. दुसरं म्हणजे सोल्डर पेस्ट. पायांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर, आणि मेच्या दुपारी स्टेन्सिलवर पेस्ट पसरून पाय जुळतात. फ्रीजमधला डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि छपाई सकाळी दहाच्या आत उरकायची.

ओटीपी लिहिण्याचा क्रम चुकला तर चिप वाया जाते किंवा, त्याहून वाईट, उघडी राहते. आधी बूट किल्लीचा हॅश लिहायचा आणि परत वाचून ताडून बघायचा. मग ती किल्ली वैध असल्याचा बिट. उरलेल्या तीन जागा अवैध म्हणून जाळायच्या, नाहीतर कोणीही आपली किल्ली तिथे बसवू शकतो. मग सही केलेला प्रोग्राम चालतो का ते बघायचं. त्यानंतर सुरक्षित बूट, आणि लगेच सही नसलेला प्रोग्राम टाकून तो *चालत नाही* ना हेही बघायचं. मग यूएसबीवरचं बूटलोडर बंद, ग्लिच डिटेक्टर चालू, रिस्क-व्ही कोअर कायमचे बंद आणि सर्वांत शेवटी डीबग बंद. डीबग आधी बंद केलं तर पुढे काय बिघडलं ते कधीच कळत नाही.

पन्नास टोकनांसाठी साठ चिप घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन टोकनांचं डीबग मुद्दाम उघडं ठेवलं, पुढच्या फर्मवेअरच्या मोजणीसाठी. त्यांच्या पेटीला संत्र्याच्या रंगाचा प्लास्टिकचा तुकडा लावला आहे, आणि त्यांच्या किल्ल्यांच्या सह्या कारखान्याचा सर्व्हर स्वीकारत नाही.